तेविसावा फोटो

उटी-म्हैसूरचे एकूण छत्तीस.
त्यातले नऊ नुसत्या धुक्याचे,
पाच माझ्या नि सन्मतीच्या मिटलेल्या डोळ्यांचे,
आई चारांत, चारही वेळा काहीतरी सांगत असलेली.
भाऊंचा एकही नाही.
कॅमेरा मामांचा होता, उसना,
दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही
असा दम एस्टी स्टँडावरच मिळालेला.

तेविसावा फोटो पुडिंगचा.
"फिल्म काय झाडाला लागती व्हय?"
असं दिवसातनं दहादा म्हणणाऱ्या माणसानं
बशीवर एक क्लिक खर्च केला,
कारण आई म्हणाली, "एवढं काढून घ्या,
घरी करून बघते."

वर काळपट तांबूस रस, खाली पिवळं, थरथरणारं.
चौघांत दोन.
आमचे चमचे तोंडात गेले तेव्हाच
वेटर भाऊंच्या कानाशी वाकला.
भाऊ म्हणाले, "मला नको. गोड फार होतंय."
गंगावेशीत उभ्या उभ्या
धारोष्ण दुधात साखर मागून घेणारा माणूस.

महाद्वार रोडला रोल धुवून आला
आणि आईचे प्रयोग सुरू झाले.
कस्टर्ड पावडर. चायना ग्रास. खवा.
म्हशीचं दूध निम्म्यावर आटवून.
एकदा गूळ घातला, दूध फाटलं,
ते आम्ही पोळीशी संपवलं.
एकतर ओघळायचं, नाहीतर वीट.
थरथरायचं मात्र नाही.
"साच्यात काहीतरी आहे," आई म्हणाली.

मग एका सोमवारी, उद्यमनगर बंद असताना,
भाऊंनी शटर अर्धं उघडून लेथ चालू केला.
फोटोवर पट्टी ठेवली:
हॉटेलचा चमचा सहा इंचाचा धरला
तर पुडिंग अडीच, वर निमुळतं, कडेला बारा पाकळ्या.
पाकळ्या लेथवर होत नाहीत,
त्या कानशीनं, हातानं.
अॅल्युमिनियमचे चार साचे.
हातातलं काम ठेवून, ऑर्डर उशिरा देऊन.
चार दिवस त्यांच्या नखांत चांदी होती.

मी बेचाळीस वर्षांची, पुण्यात,
मैत्रिणीच्या ओट्याशी उभी.
ती सांगत होती, मी लिहून घेत होते.
दूध अर्धा लिटर. साखर. व्हॅनिला.
अंडी चार.
पेन तिथंच थांबलं.
आमच्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवतात,
कांदासुद्धा चतुर्मासात उंबऱ्याबाहेर.

रात्री अल्बम काढला.
मोबाइलनं फोटोचा फोटो काढून मोठा केला, आणखी मोठा.
बशीच्या कडेला चमचा,
चमच्याच्या खोलगट पोटात
उलटा टांगलेला एक एवढासा माणूस,
डोळ्याला मामांचा कॅमेरा लावून.
छत्तिसांतला एकुलता एक.
क्लिक झाला तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.
पुढच्या मिनिटाला ठाऊक झालं,
आणि त्यानं आमचे चमचे थांबवले नाहीत.

दिवाळीत कोल्हापूरला गेले.
आईनं पुन्हा लावलं होतं. सन्मतीच्या मुलीनं
खायच्या आधी त्याचे अकरा फोटो काढले,
तीन उडवले.
पुडिंग नेहमीसारखं एका बाजूला कललेलं.
"हॉटेलसारखं नाहीच," आई म्हणाली,
पण हे वाक्य तिनं
माझ्याकडं न बघता, भाऊंकडंही न बघता,
थेट साच्याला सांगितलं.
तेव्हा वाटलं, हिला पण?
किती वर्षं?

मागच्या दारी भाऊ साचे घासत होते.
मी शेजारी बसले.
"भाऊ, म्हैसूरला तो वेटर काय म्हणाला हो?"
त्यांनी एक पाकळी अंगठ्यानं पुसली,
उजेडाकडं धरली,
दुसरी पुसली.
"बिल कुणाला द्यायचं, विचारत होता,"
म्हणाले,
आणि चौथा साचा माझ्याकडं सरकवला,
कोरडा करायला.